गोंगाटी यंत्रासाठी ध्वनिरोधक पेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्रेसर, व्हॅक्यूम किंवा डस्ट कलेक्टर सुरू झाला की कार्यशाळेत बोलणे थांबते. अशा यंत्रांना पेटीत कसे बसवायचे याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी कॉम्प्रेसरचे आहे, कारण निम्म्याहून जास्त प्रश्न त्याच्याबद्दलच असतात, आणि पेटीच्या कामातली जवळजवळ प्रत्येक अडचण त्या एका यंत्रात भेटते.

१. पेटी केली की आवाज पूर्ण बंद होईल का?

नाही. एकेरी भिंतीची, बऱ्यापैकी बंद पेटी १० ते १५ डेसिबल (आवाज मोजायचे एकक) कमी करते. आतून शोषक अस्तर, वळणदार हवामार्ग आणि दाराला चांगले गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) असेल तर २०च्या आसपास घट मिळते. त्यापुढे २५-३० डेसिबलला दुहेरी भिंत लागते आणि हातात चिकाटी लागते. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजासारखी वाटते. एक मीटरवर ८५ डेसिबल असलेला कॉम्प्रेसर ६५वर आला, तर त्याच्या शेजारी उभे राहून नेहमीच्या स्वरात बोलता येते. बहुतेकांना एवढेच हवे असते.

२. माझ्याकडे दोन यंत्रे एकदम चालतात. एकाला पेटी केली तर निम्मा आवाज जाईल ना?

दोन्ही सारख्याच आवाजाची असतील तर मोजून फक्त ३ डेसिबल कमी होतील, आणि ते कानाला जेमतेम कळतात. डेसिबलचे माप लॉगॅरिथमवर चालते: ८० अधिक ८० म्हणजे ८३. उलट एक यंत्र ९०चे आणि दुसरे ८०चे असेल, तर ८०वाल्यावर कितीही खर्च करा, खोलीतल्या आवाजात फरक पडणार नाही. म्हणून आधी प्रत्येक यंत्र एकेकटे चालवून मोजा. हेच एका यंत्राच्या आतही लागू पडते. कॉम्प्रेसरमध्ये मोटर, हेड (पंपाचा वरचा भाग, जिथे हवा दाबली जाते), पंखा आणि हवा ओढायचे तोंड असे चार गवई एकदम गात असतात. त्यांतला सर्वात मोठा कोण, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

३. आतून फोम चिकटवला की झाले ना? अंड्यांचे ट्रे चालतात का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. फोम आवाज शोषतो, अडवत नाही. मऊ, सच्छिद्र वस्तूतून आवाज आरपार जातो. आवाज अडवायला वजनदार आणि हवाबंद भिंतच लागते. मग अस्तर कशाला? कारण नुसत्या कडक भिंतींच्या पेटीत आवाज आपटत राहतो आणि आतली पातळी चढत जाते. भिंत कितीही चांगली असली तरी तिच्या आत जास्त आवाज कोंडलेला असतो. अस्तर ही चढलेली पातळी खाली आणते. दोन्ही लागतात, पण भिंत आधी.

अंड्यांच्या ट्रेमध्ये वजनही नाही आणि पुरेशी जाडीही नाही. ते पेट मात्र पटकन घेतात.

अस्तरासाठी रॉकवूल किंवा ग्लासवूलचे ५० मिमीचे फलक घ्या. साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) वर ते चांगले काम करतात. त्याखाली जाडी वाढवावी लागते. रॉकवूल १००० अंश सेल्सिअसपर्यंतही वितळत नाही, म्हणून गरम यंत्राजवळ माझा कौल त्यालाच. साधा पॉलियुरेथेन फोम जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सोडतो, त्यामुळे बंद पेटीत, गरम हेडजवळ तो मी लावत नाही. वूल उघडे ठेवू नका. त्यावर हवा आरपार जाऊ देणारे पातळ कापड ताणा आणि बाहेरून जाळी किंवा भोकांचा पत्रा मारा. कापताना हातमोजे आणि मास्क घाला. तेलाने भिजलेले वूल काढून नवे लावा. तेलात भिजलेले अस्तर आगीला आमंत्रण असते.

४. भिंत कशाची करू: प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फलक), जिप्सम बोर्ड की पत्रा?

जे प्रति चौरस मीटर जड असेल ते. १८ मिमी एमडीएफ सुमारे १३ किलो भरतो, त्याच जाडीचा प्लायवूड ११च्या आसपास, १२.५ मिमी जिप्सम बोर्ड ९ किलोच्या जवळपास आणि १ मिमी पोलादी पत्रा ८ किलोला थोडा कमी. वजन दुप्पट केले की सिद्धांताने ६ डेसिबल जास्त अडतात. प्रत्यक्षात ५च्या आसपास धरा. वारंवारता दुप्पट झाली तरी तेवढाच फायदा मिळतो. म्हणजे तीच १३ किलोची भिंत ५०० हर्ट्झला हिशेबाने २९ डेसिबल अडवेल आणि १०० हर्ट्झला जेमतेम १५. किंचाळणारी यंत्रे पेटीत सहज गप्प होतात आणि गुरगुरणारी छळतात, त्याचे कारण इथे आहे.

नुसता पत्रा घंटेसारखा वाजतो. त्याला आतून डांबरी डॅम्पिंग शीट चिकटवा. मी स्वतः एमडीएफच्या बाजूने आहे: वजन आहे, स्वस्तात सरळ कड मिळते, वाजत नाही. फक्त जमिनीवर ओल असेल तर खालची कड फुगते, तिथे प्लाय किंवा रबराची पट्टी द्या.

५. दोन भिंती केल्या तर दुप्पट फायदा?

उच्च स्वरांना दुपटीपेक्षाही जास्त, खालच्या स्वरांना कधी कधी तोटा. दोन फळ्या आणि मधली हवा मिळून स्प्रिंगला बांधलेल्या दोन वजनांसारख्या वागतात आणि एका ठरावीक वारंवारतेला एकत्र थरथरतात. १८ मिमी एमडीएफच्या दोन भिंतींत ५० मिमी अंतर ठेवले तर ही वारंवारता १०५ हर्ट्झच्या आसपास येते. तुमच्या यंत्राची गुरगूर नेमकी तिथेच असेल तर दुहेरी भिंत एकेरीपेक्षा वाईट ठरेल. अंतर वाढवले की ही वारंवारता खाली सरकते. पोकळीत वूल भरा आणि दोन भिंतींना जोडणारे स्क्रू किंवा लाकडाचे तुकडे टाळा. एक कडक जोड सगळा फायदा खातो. पहिली पेटी करताय? मग एकेरीच करा आणि वाचलेला वेळ प्रश्न ६ आणि ७ वर घालवा.

६. भिंत जाड आहे, तरी आवाज येतोच. का?

फट. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का भाग उघडा राहिला तर त्या पेटीतून २० डेसिबलपेक्षा जास्त घट मिळूच शकत नाही, मग भिंत पोलादाची असो. ०.१ टक्क्याला ही मर्यादा ३०वर जाते.

आकडे मांडून पाहू. पेटी १ मीटर लांब, ०.८ रुंद, १ मीटर उंच. खालचा तळ सोडून ४.४ चौरस मीटर. तिला ०.९ बाय ०.९ मीटरचे दार, आणि दाराभोवती फक्त ३ मिमी फट. ती फट सगळी जोडली तर १०८ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे पाव टक्का. झाले, तुमची पेटी २६ डेसिबलला अडकली. आणि ३ मिमी फट ही सुताराच्या दृष्टीने व्यवस्थित बसलेल्या दाराचीच असते!

म्हणून दार चौकटीच्या आत न बसवता चौकटीवर दाबून बसेल असे करा. कडेला ईपीडीएम रबराचे पोकळ गॅस्केट, शक्यतो दोन ओळीत. साधी कडी चालत नाही. दार खेचून दाबणारे टॉगल लॅच दोन्ही टोकांना हवेत. फळ्यांच्या सांध्यात न सुकणारे, रबरासारखे राहणारे सीलंट भरा. पुट्टी कंपाने तडकते. वायर आणि नळी जिथून जातात तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घाला आणि उरलेली जागा सीलंटने बुजवा. तळ विसरू नका: ओबडधोबड फरशीवर पेटीची खालची कड कुठे ना कुठे अधांतरी असतेच.

७. सगळे हवाबंद केले तर यंत्र तापणार नाही का?

तापणार, आणि लवकर. यंत्र जेवढी वीज ओढते ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होते. १.५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर म्हणजे पेटीत ठेवलेला १.५ किलोवॅटचा हीटर. माझी पहिली पेटी आवाजात इतकी उत्तम झाली की मी तासभर खूश होतो. मग मोटरचा ओव्हरलोड (मोटर जास्त तापली की वीज तोडणारा स्विच) पडला आणि कळले की मी भट्टी बांधली आहे.

हिशेब सोपा आहे. वॅटला १२०० ने भागा, मग बाहेरच्या हवेपेक्षा आत जितके अंश जास्त चालतील त्याने भागा. उत्तर घनमीटर प्रति सेकंद. १५०० वॅट आणि १० अंश वाढ धरली तर ०.१२५, म्हणजे ताशी ४५० घनमीटर. यंत्र अर्धाच वेळ चालत असेल तर सरासरी उष्णता निम्मी धरता येते, पण सलग स्प्रे मारायची सवय असेल तर पूर्ण धरा. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. वळणदार मार्गातून तो बराच कमी हवा ढकलतो, म्हणून दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या. लहान आणि वेगवान पंख्यापेक्षा मोठा आणि संथ पंखा निवडा, नाहीतर पेटीतल्या यंत्रापेक्षा पेटीचा पंखाच ओरडतो.

हवा खालून आत घ्या, समोरच्या बाजूने वरून बाहेर सोडा, आणि ती यंत्राच्या अंगावरून जाईल असे पाहा. दोन्ही तोंडे एकाच बाजूला ठेवली तर गरम हवा परत आत येते. पंखा यंत्राबरोबर सुरू व्हावा आणि यंत्र थांबल्यावर काही मिनिटे चालत राहावा. तापलेले हेड थांबल्यावरही उष्णता सोडत असते. आत तापमानाचा कट-ऑफ स्विच लावा, जो पंखा बंद पडल्यास यंत्राची वीज तोडेल. हा ऐच्छिक भाग समजू नका.

८. पण हवेची भोके ठेवली तर प्रश्न ६ मधली फटच झाली ना?

अगदी बरोबर. वरच्या हवेला २ मीटर प्रति सेकंद अशा संथ वेगाने जायला २५ बाय २५ सेंमीचे तोंड लागते. आत येणे आणि बाहेर जाणे मिळून १२५० चौरस सेंमी, जवळजवळ ३ टक्के. नुसती भोके ठेवली तर सगळी मेहनत १५ डेसिबलवर थांबते.

उत्तर वळणदार मार्गात आहे. पेटीच्या अंगाला लाकडी बोगदा जोडा, त्याला काटकोनात किमान दोन वळणे द्या, आणि आतून सर्व बाजूंनी २५ ते ५० मिमी शोषक अस्तर लावा. अस्तर लावल्यानंतर उरणारा मोकळा भाग २५ बाय २५ असला पाहिजे, आधीचा नव्हे. इथे बरेच जण चुकतात. बाहेरून डोकावल्यावर यंत्र दिसत असेल तर वळण कमी पडले आहे. हवा वळते, उच्च स्वर प्रत्येक भिंतीवर आपटून अस्तरात मुरतो. बोगद्याची भिंतही पेटीइतकीच जड हवी, नाहीतर आवाज त्याच्या बाजूने निघतो.

९. कॉम्प्रेसरमध्ये सर्वात जास्त आवाज कुठून येतो?

पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा हवा ओढण्याच्या तोंडातून. व्हॉल्व्ह उघडला-मिटला की प्रत्येक फेरीला तिथे धक्का बसतो, आणि तो खालच्या स्वराचा असतो, जो भिंतीला जुमानत नाही. म्हणून फिल्टर हेडवरून काढा, रबरी नळीने तो पेटीच्या बाहेर न्या आणि मध्ये सायलेन्सर बसवा. नळीचा व्यास मूळ तोंडापेक्षा लहान नको. घुसमटलेला पंप तापतो आणि हवा कमी देतो. बाहेर नेल्यावर हवाही थंड मिळते. पेटी बांधण्याआधी हे एवढेच करून पाहा. काहींना पुढे पेटीची गरजच उरत नाही.

आणि थेट मोटरवर चढवलेला, मिनिटाला २८०० फेऱ्यांचा छोटा तेलविरहित कॉम्प्रेसर असेल तर पेटीच्या खर्चात बेल्टवर संथ चालणारा मिळतो का, हेही एकदा पाहावे.

१०. यंत्राखाली रबर ठेवले, तर थरथर उलट वाढली. असे कसे?

रबर किंवा स्प्रिंगवर ठेवलेल्या यंत्राची स्वतःची एक झुलण्याची वारंवारता असते. यंत्राची गती तिच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जास्त असेल तेव्हाच कंप अडतो; त्याखाली तो वाढतो. झुलण्याची वारंवारता वजनाने रबर किती दबते यावरून कळते: २ मिमी दबले तर ११ हर्ट्झ, ५ मिमीला ७, १० मिमीला ५.

आता पाहा. मोटर १४४० फेऱ्यांची, म्हणजे २४ हर्ट्झ. तिच्यासाठी २ मिमी दबणारे रबर चालेल. पण बेल्टवरचा पंप मोठ्या पुलीमुळे ९०० फेऱ्यांनी फिरत असेल तर तो १५ हर्ट्झ, आणि १५ म्हणजे ११ च्या १.४ पटीपेक्षा कमीच. पंपाचा धक्का वाढला! ५ मिमी दबणारे माउंट (यंत्राखालचा रबरी किंवा स्प्रिंगचा पाया) घेतले तर तोच धक्का तीन-साडेतीन पटींनी कमी होतो. म्हणून "जाड रबर" मागू नका. यंत्राचे वजन माउंटच्या संख्येने भागा आणि त्या वजनाला किती मिमी दबते ते विचारा. कडक रबराचा जाड ठोकळा जेमतेम दबतो, तो ठेवला काय आणि न ठेवला काय.

यंत्र पेटीला कुठेही चिकटलेले नको. टाकीतून बाहेर जाणारी हवा लवचीक नळीने न्या. मात्र पंप आणि टाकीमधली गरम नळी आहे तशीच राहू द्या, ती साध्या रबराची नसते. भिंत आणि यंत्र यांत सगळीकडे निदान हाताचा पंजा सहज फिरेल इतके अंतर ठेवा. भिंत फार जवळ आली की मधली हवा स्प्रिंग होते आणि यंत्र भिंतीलाच हलवू लागते.

११. पेटीत गेल्यावर कॉम्प्रेसरच्या कोणत्या गोष्टी हाताशी हव्यात?

खालचा ड्रेन व्हॉल्व्ह: पाईप जोडून बाहेर काढा, नाहीतर पाणी सोडण्याचा कंटाळा येतो आणि टाकी आतून गंजते. गंजलेली टाकी हा आवाजापेक्षा फार मोठा प्रश्न आहे. प्रेशर गेज आणि बंद करण्याचे बटण बाहेर आणा. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नका, त्याला नळी जोडू नका, त्याच्यासमोर मोकळी जागा सोडा. तेलाची काच दार उघडताच दिसावी. रंग, थिनर अशा ज्वलनशील वाफा जिथे आहेत त्या खोलीतून पेटीने हवा ओढू नये, कारण प्रेशर स्विचमध्ये ठिणगी पडते.

१२. व्हॅक्यूमसाठीही हीच पेटी चालेल?

व्हॅक्यूम सोपा आहे. त्याची ब्रशची मोटर फार वेगाने फिरते, आवाज उंच पट्टीतला असतो, आणि १८ मिमीची साधी पेटी त्याला चांगला आवरते. अडचण हवेची. तो ओढलेली सगळी हवा पेटीत ओततो, ती बाहेर जायला प्रश्न ८ मधला मार्ग हवाच. काही व्हॅक्यूममध्ये मोटर थंड करायची हवा वेगळ्या खिडकीतून आत जाते; ती खिडकी शोधा, आणि तिच्यापाशी बाहेर फेकलेली गरम हवा फिरकणार नाही अशी आडवी फळी टाका.

१३. आतले काम दिसावे म्हणून खिडकी ठेवता येईल?

सीएनसी राउटरसारख्या (संगणकाने चालणाऱ्या कोरीव कामाच्या) यंत्राला ठेवावीच लागते. ६ मिमी काच १५ किलो प्रति चौरस मीटर, म्हणजे १८ मिमी एमडीएफपेक्षा जड. पण ६ मिमीची साधी काच २००० हर्ट्झच्या आसपास आवाजाच्या लाटांच्या तालात थरथरते आणि तिथे तिच्यातून आवाज गळतो. लॅमिनेटेड काच घेतली तर मधला थर ते बरेच दाबतो. पॉलिकार्बोनेट ६ मिमीला ७ किलोच्या थोडा वर, हलका, पण तुटलेला बिट (कापणारे पाते) उडून येण्याची भीती असेल तिथे तोच बरा.

१४. टेबल सॉ किंवा ग्राइंडरला पेटी?

जिथे हात आत घालायचा आहे तिथे पेटी होत नाही. कानावर मफ घाला. अमेरिकेच्या नायोश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला ८ तासांची आहे, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ला ४ तास, ९४ला १ तास. लाकूड चिरताना हे आकडे सहज ओलांडले जातात.

१५. जनरेटरला?

खोलीत कधीही नाही. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. पेटीची एक फट आणि तो खोलीत. उघड्यावरच्या जनरेटरची पेटी हा वेगळा, अनुभवी माणसाकडून करून घ्यायचा विषय आहे.

१६. मोबाईलवरच्या अ‍ॅपने मोजले तर चालते का?

खरा आकडा म्हणून नाही, फरक म्हणून चालते. तोच फोन, तीच जागा, तीच उंची, टाकीत तोच दाब, पेटीआधी आणि पेटीनंतर. यंत्र बंद असताना खोलीचा आवाज मोजायचा. तो यंत्राच्या आवाजापेक्षा १० डेसिबल तरी कमी हवा, नाहीतर तुम्ही रस्ता मोजत आहात. अ‍ॅपमध्ये ए आणि सी असे दोन वेट (मोजण्याच्या पद्धती: ए खालचे स्वर कमी धरतो, सी जवळजवळ पूर्ण) असतील तर दोन्ही टिपा. सीचा आकडा एपेक्षा खूप वर असेल तर तुमचा त्रास खालच्या स्वराचा आहे: भिंत वाढवण्याआधी प्रश्न ९ आणि १० कडे जा.

१७. सगळे सांगितल्याप्रमाणे केले, तरी फक्त ६ डेसिबल कमी झाले. चूक कुठे शोधू?

आत दिवा लावा, खोली अंधारी करा, दार बंद करून पेटीभोवती फिरा. जिथे उजेड दिसतो तिथून आवाज येतोच. अस्तर लावलेल्या वळणातून उजेड येता कामा नये. हे झाले की यंत्र थंड असताना सुरू करा आणि एकाच मिनिटासाठी दोन्ही हवामार्गांवर वाळूची पोती ठेवा. आवाज झपकन पडला तर गळती मार्गात आहे: वळण वाढवा, अस्तर जाड करा. जराही पडला नाही तर तळहात आधी फरशीवर, मग पेटीच्या भिंतीवर ठेवा. फरशी थरथरत असेल तर माउंट चुकले आहेत. फरशी शांत आणि एकच फळी थरथरत असेल तर कुठेतरी नळी, वायर किंवा पाया तिला टेकलेला आहे. माझ्या दुसऱ्या पेटीत तो ड्रेनचा पाईप निघाला. भोक ५ मिमी मोठे केले, कडेने रबर घातले, आणि चार डेसिबल तिथेच सापडले. पोती काढायला मात्र विसरू नका.